तत्त्वज्ञ व लेखकांचे व्यक्तिमत्त्व-प्रकार

नामवंत विचारवंताचा किंवा लेखकाचा स्वभाव व्यक्तिमत्त्व-प्रकारांच्या एखाद्या ठरीव चौकटीत बसवायचा आणि त्या आधारे त्याच्या लेखनाची उकल करायची, अशी पद्धत. अशा बहुतेक चौकटींचे मूळ स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल गुस्टाव्ह युंग (१८७५–१९६१) याच्या १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या मानसशास्त्रीय प्रकारांवरील जर्मन ग्रंथात आहे. मराठीत आता घरगुती झालेली ‘अंतर्मुख’ आणि ‘बहिर्मुख’ ही जोडी या अर्थाने त्याच्याकडूनच आली. हल्ली हा प्रकार बराचसा कोड्यासारखा खेळला जातो : जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे ‘आयएनटीजे’ की ‘आयएनएफजे’ (मायर्स-ब्रिग्ज प्रश्नावलीतल्या प्रकारांची ही चार-अक्षरी नावे), रशियन कादंबरीकार दस्तयेव्हस्की कुठल्या खणात, वगैरे. युंगला मात्र भांडणांचे कुतूहल होते. दोन बुद्धिमान माणसे एकाच गोष्टीकडे पाहतात आणि जन्मभर एकमेकांना चूक ठरवतात, हे कसे?

स्वभाव आणि तत्त्वज्ञान यांचे नाते त्याच्या आधीही अनेकांनी सांगितले होते. माणूस कोणते तत्त्वज्ञान निवडतो हे तो कसा माणूस आहे यावर ठरते, असे जर्मन तत्त्वज्ञ योहान फिख्टेने १७९७ मध्ये लिहिले. नीत्शेने १८८६ मध्ये त्यापुढे जाऊन प्रत्येक थोर तत्त्वज्ञानाला कर्त्याचा कबुलीजबाब म्हटले, त्याने नकळत लिहून ठेवलेल्या आठवणी म्हटले. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स याने १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत तत्त्वज्ञांची ‘कोमल मनाचे’ आणि ‘कणखर मनाचे’ अशी वाटणी केली. पहिले तत्त्वांवर विसंबणारे, दुसरे वस्तुस्थितीवर. त्यात त्याचा एक मार्मिक टोमणा आहे : तत्त्वज्ञाचा कौल बहुतांशी स्वभावाने दिलेला असतो, पण वादात तो स्वभावाचे नाव काढत नाही, तर्कच पुढे करतो.

मराठी वाचकाला येथे दासबोधाचा दुसरा दशक आठवेल. मूर्खलक्षणांपासून पढतमूर्खापर्यंत, आणि मध्ये रज, तम, सत्त्व या गुणांची लक्षणे. पण समर्थांनी ती श्रोत्याने स्वतःला लावून पाहावीत आणि वाईट ती टाकावीत म्हणून सांगितली. एखाद्या ग्रंथकाराला पढतमूर्ख ठरवून त्याचा ग्रंथ उलगडावा म्हणून नव्हे.

युंगच्या विचाराला जवळचे निमित्त होते ते मनोविश्लेषणाचा प्रवर्तक फ्रॉइड आणि त्याचा एकेकाळचा सहकारी ॲडलर यांच्या फाटाफुटीचे. एकाच प्रकारचे रुग्ण पाहून फ्रॉइड सुखाच्या विषयाकडे, म्हणजे माणसाच्या बाहेरील गोष्टीकडे ओढल्या जाणाऱ्या इच्छेवर भर देत होता, तर ॲडलर स्वतःचे वर्चस्व राखण्याच्या धडपडीवर. सप्टेंबर १९१३ मध्ये म्युनिक येथील मनोविश्लेषकांच्या परिषदेत युंगने पहिली उपपत्ती बहिर्मुख आणि दुसरी अंतर्मुख वृत्तीची ठरवली. युंगचे स्वतःचे फ्रॉइडशी त्याच वर्षी फाटले होते. त्यामुळे या तटस्थ वर्गीकरणात आपलीही बाजू मांडून घेण्याचा भाग होता, हे मान्य करायला हरकत नाही.

१९२१ च्या ग्रंथाबद्दल एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. अंतर्मुख-बहिर्मुख या दोन वृत्ती आणि विचार, भावना, संवेदन, अंतःप्रज्ञा ही चार कार्ये यांच्या जुळणीतून होणाऱ्या आठ प्रकारांचे वर्णन येते ते थेट दहाव्या प्रकरणात. त्याआधीची शेकडो पाने जुन्या वादांची आहेत. आरंभी टर्टुलियन आणि ऑरिजेन हे दोन ख्रिस्ती धर्मचिंतक भेटतात. टर्टुलियनची बुद्धी तलवारीसारखी, आणि श्रद्धेपायी त्याने नेमका बुद्धीचाच बळी दिला. ऑरिजेनने, परंपरेनुसार, स्वतःचे खच्चीकरण करून घेतले. बाह्य जगाशी बांधणारा धागाच कापला. युंगच्या मते पहिला अंतर्मुख, दुसरा बहिर्मुख, आणि दोघांनीही आपली सर्वांत बलवान बाजूच अर्पण केली. ही जोडी ग्रंथातली सर्वांत झणझणीत आहे. पुढे ख्रिस्ती प्रभुभोजनाच्या विधीवरून ल्यूथर आणि झ्विंग्ली या धर्मसुधारकांचा वाद येतो. ‘हे माझे शरीर आहे’ यातला ‘आहे’ शब्दशः घ्यावा हा ल्यूथरचा हट्ट, तर झ्विंग्लीच्या मते ती खूण. मग शिलर आणि गटे हे जर्मन कवी. शिलर अंतर्मुख, गटे बहुतांशी बहिर्मुख. विरोधी द्वंद्वांच्या चर्चेत उपनिषदे आणि भगवद्गीताही येतात, आणि गीतेतला ‘निर्द्वंद्व’ हा शब्द युंगने तसाच उचलला आहे.

विचारप्रधान प्रकारासाठी त्याने दिलेली उदाहरणे पुढे फार गाजली : बहिर्मुख विचाराचा डार्विन, अंतर्मुख विचाराचा जर्मन तत्त्वज्ञ कांट. डार्विन वस्तुस्थितीचा डोंगर रचतो, कांट ज्ञानाच्या अटीच तपासतो. ग्रंथांपुरते हे पटते. माणसापाशी आले की मात्र अडखळायला होते. आपले गाव कोनिग्जबर्ग आणि त्याचा परिसर सोडून फारसा कुठे न गेलेला, घड्याळ लावावे अशा वेळेला फिरायला निघणारा कांट उतारवयात रोज दुपारी पाहुणे बोलावून जेवत असे. पंगतीला तिघांपेक्षा कमी आणि नऊपेक्षा जास्त माणसे नसावीत, असा दंडकही त्याने सांगितला आहे. गप्पांचा त्याला शौक होता. गंमत म्हणजे कांट स्वतःही वर्गीकरण करणारा होता. ग्रीक वैद्यकातून आलेले चार स्वभाव त्याने १७९८ च्या पुस्तकात वर्णिले, आणि त्यांचे मिश्रण होत नाही असे बजावले.

नीत्शेची गत आणखी बोलकी आहे. एका प्रकरणात युंग त्याला अंतर्मुखतेकडे झुकणारा अंतःप्रज्ञावान म्हणतो. दहाव्या प्रकरणात मात्र कांट-डार्विन विरोध अधिक ठळक करण्यासाठी त्याच नीत्शेला प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिएच्या समोर, अंतर्मुख विचाराच्या रांगेत उभे करतो. नीत्शेच्या चार अक्षरांवरून आज चाललेले वाद मूळ ग्रंथातच पेरलेले आहेत. युंगला त्याचे फारसे दुःख झाले नसावे, कारण १९३४ मध्ये एका परभाषी आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने माणसांना असे खणात टाकण्याला पोरखेळ म्हटले.

तो पोरखेळ व्यवस्थित मांडला गेला अमेरिकेत. कॅथरीन ब्रिग्ज (१८७५–१९६८) युंगचे पुस्तक हाती येण्याआधीपासून थोरांची चरित्रे वाचून स्वभावांची वर्गवारी करत होती. १९२३ मध्ये इंग्रजी भाषांतर आल्यावर तिने युंगची चौकट स्वीकारली. तिची मुलगी इझाबेल मायर्स (१८९७–१९८०), जिने त्याआधी रहस्यकादंबरी लिहिली होती, हिने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रश्नावली तयार केली. बाह्य जगाशी वागताना माणूस निर्णय उरकतो की वाट मोकळी ठेवतो, ही चौथी जोडी युंगच्या अंतर्मुख-बहिर्मुख, विचार-भावना आणि संवेदन-अंतःप्रज्ञा या तीन जोड्यांच्या भरीस घातल्यावर सोळा प्रकार झाले. प्रश्नावली जिवंत माणसाने स्वतः भरायची होती. चरित्रांपासून सुरू झालेली ही वाट पुढे पुन्हा चरित्रांकडे वळली, ती मात्र प्रश्नावलीविना : मृत लेखकाच्या वतीने वाचकच उत्तरे देऊ लागला.

सोव्हिएत संघात हे उलट्या दिशेने घडले. लिथुएनियाच्या औश्रा औगुस्तिनाविचिउते हिने १९७० च्या दशकात युंगवरून ‘सोशिऑनिक्स’ ही पद्धत रचली. तिच्या सोळा प्रकारांना टोपणनावे मिळाली तीच मुळी साहित्य-इतिहासातून : दस्तयेव्हस्की, बाल्झाक, ह्यूगो, ड्यूमा, गोर्की, येसेनिन, जॅक लंडन, शिवाय हॅम्लेट आणि डॉन किहोते. लेखक आणि पात्र एकाच पंगतीला. पूर्व युरोपातला एखादा कारकून म्हणू शकतो की मी दस्तयेव्हस्की आहे, आणि त्याला ‘अपराध आणि शिक्षा’ वाचायची गरज नसते.

या पद्धतीवरचा मुख्य आक्षेप तर्काचा आहे. लेखनावरून प्रकार ठरवायचा आणि मग त्याच प्रकारावरून लेखन समजावून सांगायचे, हे वर्तुळ आहे. पत्रे, दिनचर्या, समकालीनांच्या आठवणी असा बाहेरचा पुरावा नसेल तर ते तुटत नाही. दुसरा आक्षेप मोजमापाचा. मॅक्रे आणि कोस्टा या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये मायर्स-ब्रिग्ज प्रश्नावली, स्वभाव पाच मूलभूत गुणांत मोजणाऱ्या पाच-घटक सिद्धांताशी ताडून पाहिली, तेव्हा माणसे दोन वेगळ्या गटांत विभागलेली दिसली नाहीत. गुण कमीअधिक प्रमाणात सलग पसरलेले होते. तिसरा आक्षेप वाचकाच्या मनाचा. मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोररने विद्यार्थ्यांना स्वभाववर्णने ‘खास तुमची’ म्हणून दिली (निष्कर्ष १९४९ मध्ये प्रसिद्ध). सर्वांना मजकूर एकच होता, आणि तरी त्यांनी अचूकतेला पाचपैकी सरासरी चाराहून अधिक गुण दिले. आवडत्या लेखकाशी आपला प्रकार जुळला की होणारा आनंदही याच जातीचा.

आणि काही लेखक चौकटीलाच चकवा देतात. पोर्तुगीज कवी फेर्नांदो पेसोआ (१८८८–१९३५) याने नुसती टोपणनावे घेतली नाहीत, वेगवेगळी माणसे घडवली : फारसे न शिकलेला, खेड्यात राहणारा आल्बेर्तू काएइरू, वैद्यकी शिकलेला संयमी रिकार्दू रैश, ग्लासगोत जहाज-अभियांत्रिकी शिकलेला आरडाओरडा करणारा आल्वारू द काम्पुश. प्रत्येकाची शैली वेगळी, जीवनदृष्टी वेगळी, चण आणि चेहराही वेगळा. ते एकमेकांच्या कवितांवर मतेही देत. जानेवारी १९३५ मध्ये एका समीक्षकाला लिहिलेल्या पत्रात पेसोआने या तिघांच्या जन्माची हकीकत सांगितली आहे, आणि काम्पुशचा जन्म किती वाजता झाला तेही नोंदवले आहे.