सेवाभावी संस्थेत हिशेब मागणं म्हणजे अविश्वास?

मराठवाड्यात दुष्काळात टँकर, धान्य, औषधपाणी पुरवणाऱ्या संस्थांमध्ये एक समज घट्ट बसलाय: 'सेवेत कसला हिशेब? जाब विचारला की माणूस तुटतो.' तसं नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० नुसार हिशेब ठेवणं विश्वस्तांचं कर्तव्य आहे. कार्यकर्ता कितीही जिवाभावाचा असो, संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी धर्मादाय कार्यालयात उत्तर विश्वस्तांनाच द्यावं लागतं.

घोळ होतो तो असा. कार्यकर्त्याची आई आजारी पडते, संस्थेच्या कामासाठी घेतलेल्या उचलीचे (आगाऊ रकमेचे) पैसे घरी खर्च होतात. अध्यक्ष दयेपोटी ते कामावर खर्च झाल्याचं मागच्या तारखेचं व्हाउचर करून घेतात. मग बाकीचेही तेच करू लागतात, आणि लेखापरीक्षणात सापडतो तो प्रामाणिक माणूस. त्यापेक्षा रक्कम त्याच्या नावे येणे दाखवा, ठराव करून पगारातून हप्ते बांधून द्या, रजा द्या. (विश्वस्तांच्या नातेवाइकांना ही सवलत नको.) उचल आठ दिवसांत मिटवायची, जुनी मिटल्याशिवाय नवी नाही. खरेदी करणारा, वाटणारा आणि वही लिहिणारा एकच नको. टँकरच्या प्रत्येक खेपेला गावातल्या दोघांच्या सह्या घ्या.

दयेची खरी जागा मदत घेणाऱ्याकडे आहे. ऊसतोडीहून परतलेल्या बीडच्या कुटुंबाला कागदांसाठी हेलपाटे घालायला लावू नका. दवाखान्याचं बिल संस्थेने थेट भरावं, पावती स्वतः आणावी. कोऱ्या यादीवर अंगठे मात्र कधीच घेऊ नका, आकडे नंतर कोणीही भरतो.