बार्शी लाईट: पाच टनांच्या हिशोबावर उभी राहिलेली रेल्वे

बार्शी लाईट म्हटलं की सोलापूर, लातूर, पंढरपूरकडच्या लोकांना आठवते ती हळूहळू जाणारी छोटी गाडी आणि तिला लटकलेले वारकरी, पण तिच्या मागे जे इंजिनिअरिंग होतं त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही, आणि माझ्या मते त्या काळच्या नॅरोगेजमधलं (म्हणजे रुळांमधलं अंतर कमी असलेल्या रेल्वेंमधलं) ते सगळ्यात हुशार काम होतं.

झालं असं की मुंबई-सोलापूर मोठी लाईन बार्शीला बाजूला ठेवून गेली. बार्शी कापसाची मोठी बाजारपेठ, माल मात्र बैलगाड्यांनी स्टेशनपर्यंत न्यायचा (आत्ताचं कुर्डुवाडी, तेव्हाचं बार्शी रोड). जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत नोकरीला असलेले एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी १८८० च्या दशकातच अशा भागांसाठी स्वस्त फीडर लाईन (मोठ्या लाईनला माल आणून देणारी छोटी लाईन) टाकायची कल्पना धरून ठेवली होती, पण बार्शी लाईटची कंपनी लंडनमध्ये रजिस्टर व्हायला १८९५ उजाडलं आणि बार्शी रोड ते बार्शी हा साधारण २१ मैलांचा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला.

आता मुख्य मुद्दा. गाडीचं वजन रुळावर येतं ते चाकांच्या जोडीतून, म्हणजे ॲक्सलमधून, आणि ॲक्सल वरून गेला की दोन स्लीपरच्या (रुळाखालच्या आडव्या पट्ट्यांच्या) मधला रूळ किंचित वाकतो. अख्खी गाडी किती टनांची आहे याने फारसा फरक पडत नाही, सगळ्यात जड ॲक्सल किती टनांचा आहे यावर रूळ किती जाड लागणार ते ठरतं. बहुतेक गाड्यांमध्ये हा जड ॲक्सल इंजिनचा असतो, म्हणजे दिवसातून काही वेळा जाणाऱ्या एका इंजिनासाठी सगळ्या मैलांवर जाड रूळ, मजबूत पूल, सगळा खर्च करायचा. कॅलथ्रॉप म्हणाले, इंजिन असो की वाघीण (मालाचा डबा), कुठल्याच ॲक्सलवर पाच टनांपेक्षा जास्त येऊ द्यायचं नाही. मग दर यार्डाला (तीन फुटांना) ३० पौंडाचा, म्हणजे मीटरला जेमतेम १५ किलोचा रूळ पुरला. आजच्या मेन लाईनचा रूळ मीटरला ६० किलोचा असतो, त्यावरून अंदाज घ्या.

पण इंजिन हलकं केलं तर ते ओढणार कसं? लीड्सच्या किटसन कंपनीने बनवलेल्या पहिल्या इंजिनांना वजन वाटायला सहा ॲक्सल होते, चार ओढणारे आणि मागे दोन आधाराचे. ओढणाऱ्या चारांवर मिळून २० टन, आणि कोरड्या रुळावर पकड वजनाच्या साधारण पाव धरली तर पाच टनांची ओढ मिळते. एवढ्याशा रुळावर ही ओढ मला आजही भारी वाटते.

वाघिणी बघा. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर, आणि वाघीण २५ फूट लांब, ७ फूट रुंद! टोकांना खाली दोन-दोन ॲक्सलच्या बोगी, म्हणजे फिरत्या चाकगाड्या, त्या वळणावर स्वतंत्र फिरतात म्हणून लांब वाघीणसुद्धा तीव्र वळण घेते. सांगाडा जाड लोखंडाऐवजी पोलादी पत्रा प्रेसमध्ये दाबून घडवलेला, म्हणजे वाघिणीचं स्वतःचं वजन कमी आणि चार ॲक्सलच्या २० टनांपैकी जास्त वाटा मालाला. आणि हे सगळं भारतात पाठवायच्या आधी १८९६ मध्ये लीड्सजवळ न्यूले इथे मुद्दाम चढ आणि वळणं घातलेली छोटी लाईन टाकून त्यांनी चालवून दाखवलं, नुसत्या कागदावर विश्वास ठेवा असं नाही.

एक अडचण मात्र राहिलीच. मोठ्या लाईनचा गेज (रुळांमधलं अंतर) ५ फूट ६ इंच, त्यामुळे बार्शीहून आलेली कापसाची प्रत्येक गाठ कुर्डुवाडीला हमालांनी एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवायची. वेळ जायचा, पैसाही जायचा.

पुढे लाईन पंढरपूर, लातूर करत १९२७ ला मिरजेपर्यंत गेली, आणि इकडच्या अनुभवावर कॅलथ्रॉप यांनी इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही अडीच फुटीच लाईन केली, १९०४ मध्ये सुरू झाली. तिथे माल उतरवायची भानगडच ठेवली नाही: मोठ्या गेजची भरलेली वाघीण तशीच्या तशी छोट्या गेजच्या ठेंगण्या ट्रकवर चढवायची आणि पुढे न्यायची.