फिकट रेघ म्हणजे गोळी घेतली?

चाकण-हिंजवडीच्या ड्रायव्हरांत वर्षानुवर्षे फिरणारा फॉरवर्ड: लघवीतलं औषध तपासणाऱ्या पट्टीवर 'टी'ची (टेस्टची) रेघ फिकट आली, की झोपेची गोळी पकडली गेली.

खरं तर उलट आहे. पट्टीतल्या रंगीत अँटिबॉडी (औषधाला पकडणारी प्रथिनं) 'टी'पाशी चिकटल्या की रेघ उमटते. लघवीत औषध पुरेसं असेल, तर ते त्यांना आधीच अडवतं आणि रेघ उमटतच नाही. म्हणून फिकट रेघही निगेटिव्हच, म्हणजे औषध ठरलेल्या मर्यादेखाली. गोंधळ होणं स्वाभाविक आहे. गरोदरपणाच्या पट्टीवर दोन रेघा म्हणजे पॉझिटिव्ह! 'सी'ची (कंट्रोलची, म्हणजे पट्टी नीट चालली हे दाखवणारी) रेघच नसेल तर पट्टी बाद.

किटमधलं माहितीपत्रक वाचा, त्यात हेच छापलेलं असतं. 'टी'ची रेघ नाहीच आली, तरी तो प्राथमिक निकाल; डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा, प्रयोगशाळेत मास स्पेक्ट्रोमेट्रीने (औषधाचे रेणू वस्तुमानावरून ओळखणाऱ्या चाचणीने) फेरतपासणी मागा. लोराझेपाम हे झोपेचं औषध मात्र अशा पट्टीतून निसटूही शकतं.