बीएस-फोर की बीएस-सिक्स: पिकअपचं इंजिन खरंच नाजूक झालंय का?

"बीएस-सिक्सचं इंजिन नाजूक, बीएस-फोरच दणकट" हे गॅरेजवर इतकं ऐकू येतं, की लोक झिजलेल्या जुन्या पिकअपला वाढीव पैसे मोजतात. मला याची चीड येते.

बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुराला मर्यादा घालणारे सरकारी नियम; फोर जुने, सिक्स नवे. 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-सिक्समध्येही कॉमन रेल (जोराच्या दाबानं डिझेल फवारणारी यंत्रणा), टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा), ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी सोय) बीएस-फोरसारखंच. बोलेरो पिकअपचं 2523 सीसीचं इंजिन तर दोन्हीकडे आहे. धुरातले विषारी वायू कमी करायला लागणाऱ्या युरियाची टाकी काही गाड्यांना असते, काहींना नसते. ती वेळेवर भरली की झालं.

खरी गोम सायलेन्सरच्या वाटेवरच्या डीपीएफमध्ये आहे. हा फिल्टर धुरातली काजळी अडवतो आणि भरत आला की ती जाळतो. यालाच रीजन म्हणतात. त्यासाठी सुमारे 600 अंश उष्णता लागते, म्हणून इंजिन जादा डिझेल सोडतं. नारायणगावहून टोमॅटो घेऊन वाशीला निघालेल्या गाडीत हे वाटेतच उरकतं, ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही. गल्लोगल्ली पाण्याचे जार टाकणाऱ्या गाडीत मात्र रीजन सुरू होतं न होतं तोच चावी फिरते. असं रोज झालं की न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून बघा: ऑइल वरच्या खुणेच्याही वर, पाण्यासारखं पातळ, बोटाला डिझेलचा वास. "आमची गाडी ऑइल खातच नाही" म्हणत लोक यावरच खूश असतात, आणि बेअरिंग, टर्बो जातात ते याच पातळ ऑइलमुळे. मग बोल लागतो इंजिनाला.

ऑइलही कमी राखेचंच हवं. काजळी जळते, पण ऑइलची राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये साचतच जाते. मिळेल तो डबा ओतणाऱ्या मेकॅनिककडे मी गाडी देणार नाही. माल भरेपर्यंत तासभर इंजिन चालू ठेवणंही बंद करा, त्यानं नुसती काजळी वाढते. आणि "डीपीएफ उडवून टाका" हा सल्ला बेकायदा आहे, शिवाय तो धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो.

लांब पल्ल्याचं भाडं असेल तर बीएस-सिक्स डिझेल बिनधास्त घ्या. दिवसभर गावातल्या गावात फेऱ्या असतील तर सीएनजी पिकअप बघा. डिझेल आधीच दारात असेल, तर डीपीएफचा दिवा लागताच गाडी हायवेला काढा, एका लयीत अर्धा तास चालवा, आणि दिवा विझेपर्यंत चावीला हात लावू नका. तरीही विझला नाही, तर थेट सर्व्हिस सेंटर गाठा.