अणुभट्टी पाडायला पन्नास वर्षं कशाला?

डहाणू लोकलने बोईसर आलं की तारापूरचा विषय निघतोच. १९६९ पासूनच्या त्या पहिल्या दोन भट्ट्यांबद्दल कुणीतरी हमखास म्हणतं, ‘एवढ्या जुन्या झाल्या, तर बंद करून पाडून का नाही टाकत?’ मुंबईत चाळ रिकामी झाली की बघता बघता मैदान होतं, त्यामुळे प्रश्न साहजिकच आहे. पण बंद केलेली भट्टी पाडण्याआधी पन्नासेक वर्षं तशीच ठेवतात, तीही उगाच नाही.

भट्टीतलं इंधन काढून नेलं की जवळजवळ ९९ टक्के किरणोत्सार त्याच्याबरोबर जातो. खरी अडवणूक करतो तो मागे उरलेला कोबाल्ट.

कोबाल्ट मूळचा निरुपद्रवी. पोलादात तो अंशमात्र असतोच, शिवाय व्हॉल्व्हच्या घासल्या जाणाऱ्या भागांवर त्याचा मिश्रधातू मुद्दाम चढवतात, कारण तो कमालीचा टणक. तरी थोडा झिजतोच. ती पूड पाण्याबरोबर भट्टीच्या गाभ्यात शिरते आणि तिथे कोबाल्ट-५९ चं अणुकेंद्र एक न्यूट्रॉन गिळून कोबाल्ट-६० होतं. मग तेच पाणी तिला बाहेर आणून पाइपांच्या वळणांत, पंपांच्या सांदीकोपऱ्यांत बसवतं. म्हणजे न्यूट्रॉन जिथे कधी पोचलेच नाहीत, तो पाइपही किरणोत्सारी! हा कोबाल्ट एक इलेक्ट्रॉन फेकून निकेल-६० होतो, पण उत्तेजित अवस्थेतला. ती जादा ऊर्जा लगेच १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या दोन गॅमा किरणांतून बाहेर पडते. हे किरण पाइपाच्या पोलादातून सहज आरपार येतात. कटर घेऊन जवळ जायचं कुणी?

(वाशीला निर्यातीच्या हापूसवर सोडतात ते हेच किरण. त्याने आंबा किरणोत्सारी होतो हा फॉरवर्ड निव्वळ थाप आहे. अणुकेंद्र बदलण्याइतकी ऊर्जा या किरणांत नसते.)

कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य, म्हणजे त्यातले निम्मे अणू बदलून जायला लागणारा काळ, ५.२७ वर्षं. अशी दहा अर्धायुष्यं, म्हणजे सुमारे ५३ वर्षं गेली की मूळच्या १,०२४ भागांपैकी एकच भाग उरतो. पन्नास वर्षांचं गणित आलं ते इथून. अमेरिकेत भट्टी बंद झाल्यापासून सगळं काम साठ वर्षांत उरकण्याचं बंधन आहे.

मला स्वतःला एवढं थांबणं पटत नाही. दूर राहून चालवायची यंत्रं आता आहेत, आणि कोणत्या पाइपात काय साचलंय हे ठाऊक असलेली माणसं पन्नास वर्षांनी कुठून आणणार? शिवाय पोलादातल्या निकेलने असाच न्यूट्रॉन गिळून बनलेल्या किरणोत्सारी निकेल-६३ चं अर्धायुष्य शंभर वर्षांच्या आसपास आहे. त्याच्यासाठी थांबून काहीच साधत नाही.