दोन मीटरचा गोळा

जानेवारी लागला की ठाण्यात व्याख्यानांच्या पत्रिका फिरायला लागतात. यंदा सोसायटीच्या ग्रुपवर आलेल्या एका पत्रिकेत वक्त्यांच्या नावाखाली ओळ होती: 'उद्योजक, समुद्र व अवकाश मोहिमांतील शोधयात्री, वक्ते'. आमच्या मजल्यावरच्या काकांनी वागळे इस्टेटीत अडतीस वर्षं टर्नर म्हणून काढली. लिफ्टमध्येच त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. "हे म्हणजे झेरॉक्स आणि पाणीपुरी एकाच दुकानात. समुद्राचा नि अवकाशाचा संबंध काय? आणि धंदेवाल्याला भाषणं कशाला द्यावी लागतात?"

दोन्ही प्रश्न रास्त होते. पण उत्तराला नव्वदेक वर्षांचा इतिहास आहे आणि आमची इमारत सातच मजल्यांची.

सुरुवात एका गोळ्यापासून होते. ऑग्युस्त पिकार हे ब्रसेल्सला शिकवणारे स्विस प्राध्यापक. अवकाशातून येणारे विश्वकिरण त्यांना मोजायचे होते आणि त्यासाठी हवा विरळ होते तिथवर जायला हवं होतं. तिथं माणूस उघड्या टोपलीत जगत नाही. म्हणून त्यांनी अ‍ॅल्युमिनियमचा, सुमारे दोन मीटर व्यासाचा बंद गोळा बनवून घेतला आणि तो हायड्रोजनच्या फुग्याखाली टांगला. २७ मे १९३१ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्गहून पिकार आणि त्यांचे सहायक पाउल किप्फर त्यात बसून १५,७८१ मीटरवर पोहोचले. वाटेत गोळ्याला गळती लागली, ती व्हॅसलीन माखलेले बोळे कोंबून बंद केली. त्याआधी इतक्या उंचीवर कुणी गेलेलं नव्हतं. उतरले ते ऑस्ट्रियातल्या एका हिमनदीवर.

आता गंमत अशी की पिकारांच्या डोक्यात या फुग्याच्याही आधीपासून समुद्र होता. हवेपेक्षा हलका वायू फुग्यात भरला की तो वर जातो, वजन टाकलं की आणखी वर, वायू सोडला की खाली. मग पाण्यापेक्षा हलकं काहीतरी मोठ्या टाकीत भरलं, खाली लोखंडी गोळा टांगला आणि वजन घेऊन बुडी मारली तर? वजन सोडून दिलं की आपोआप वर. पाण्यातला फुगाच तो. हलकं काहीतरी म्हणून त्यांनी पेट्रोल निवडलं, कारण ते दाबाखाली फारसं चेपत नाही. फुग्याला पैसे देणाऱ्या बेल्जियमच्या संशोधन निधीचं आद्याक्षरी नाव फुग्याला होतं, एफएनआरएस. पहिल्या पाणबुड्या यानाचं नाव सरळ एफएनआरएस-२. एकाच खातेवहीतली पुढची नोंद असावी तसं.

त्याच घराण्यातलं यान म्हणजे 'त्रिएस्ते'. अमेरिकन नौदलाने ते १९५८ मध्ये विकत घेतलं. २३ जानेवारी १९६० रोजी ऑग्युस्त यांचे चिरंजीव झाक पिकार आणि नौदलाचे लेफ्टनंट डॉन वॉल्श त्यातून पॅसिफिकमधल्या मारियाना गर्तेच्या, म्हणजे समुद्रातल्या सर्वांत खोल दरीच्या, तळाला, सुमारे १०,९०० मीटरवर, टेकले. खाली जायला पावणेपाच तास लागले. नऊ हजार मीटरच्या आसपास बाहेरच्या खिडकीला तडा गेला आणि अख्खं यान हादरलं. तरी ते खाली गेलेच. तळावर वीसेक मिनिटं थांबले, लोखंडी छरे सोडले आणि वर आले.

काकांना मी जिन्यात गाठून हे सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त पत्र्याची जाडी विचारली. प्रश्न कारागिराचा होता आणि सगळं इंगित त्यातच आहे. फुग्याच्या गोळ्याला आतली जमिनीवरच्या दाबाची, म्हणजे एक वातावरण दाबाची, हवा कोंडून धरायची होती, काही मिलिमीटर पुरले. 'त्रिएस्ते'च्या गोळ्याचा व्यास २.१६ मीटर, म्हणजे जवळपास तेवढाच. पण भिंत १२.७ सेंटिमीटरची, कारण बाहेरून हजार वातावरणांहून जास्त दाब. पंधरा महिन्यांनी, १२ एप्रिल १९६१ रोजी, युरी गागारिन ज्या व्होस्तोकमधून पृथ्वीभोवती फिरून आले, त्याचा माणूस बसायचा भागही गोळाच, २.३ मीटरचा. आणि खोल समुद्रात माणसं न्यायला आपण बांधत असलेल्या 'मत्स्य-६०००' यानाचा टायटॅनियमचा गोळा २.१ मीटरचा, भिंत ८० मिलिमीटर. माणूस बसेल आणि हात हलवता येईल एवढी जागा लागते, ती सगळीकडे सारखीच. गोल आकार दाब सगळ्या बाजूंनी सारखा वाटून घेतो, तो आतून असो की बाहेरून. "म्हणजे आपल्या लिफ्टएवढं," काका म्हणाले. लिफ्टमध्ये तिघं अवघडून उभे राहतात, मत्स्यमध्ये तिघं बारा तास बसणार.

भाषणांचा प्रश्न याहून जुना.

खोल पाणी मोजायला पूर्वी दोरी नि शिसं एवढंच होतं आणि माप वाव. दोन्ही हात पसरले की एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत एक वाव, सहा फूट. चेंदणी कोळीवाड्यात आजही म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी हा शब्द आहे. ब्रिटिशांच्या 'चॅलेंजर' जहाजाने २३ मार्च १८७५ रोजी मारियानाजवळ दोरी सोडली ती ४,४७५ वाव गेली. त्याच वर्षी न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही, पण मला ती तारीख सोडवत नाही. 'चॅलेंजर'च्या मागे सरकार होतं. त्यानंतरच्या पिढीत जे ध्रुवांकडे निघाले त्यांतल्या बहुतेकांच्या मागे कर्ज होतं. आमुंडसेन आणि शॅकल्टन परत आले की दौरे काढत, तिकीट लावून भाषणं देत, त्यावर कर्ज फेडत आणि पुढच्या मोहिमेची झोळी फिरवत.

समुद्रात हेच विल्यम बीब यांनी केलं. बीब हे प्राणिशास्त्रज्ञ, बोलण्यात पटाईत. ऑटिस बार्टन हा वारशात पैसा आलेला तरुण अभियंता. बार्टनने पोलादी गोळा आखला आणि स्वतःच्या खिशातून बनवला, व्यास जेमतेम दीड मीटर. दोरखंडाला टांगून दोघांना बर्म्युडाजवळ समुद्रात सोडत. १५ ऑगस्ट १९३४ रोजी ते ९२३ मीटर खाली गेले. त्याआधी १९३२ मध्ये बीब गोळ्यातून टेलिफोनवर बोलत होते आणि ते बोलणं रेडिओवरून थेट लोकांच्या घरात ऐकू येत होतं. पैसा एकाचा, वाणी दुसऱ्याची. पत्रिकेवरचे ते तीन शब्द तेव्हा दोन माणसांत वाटलेले होते, पुढे एकातच आले एवढंच.

साठच्या दशकात दोन्ही वाटांवर सरकारं उतरली आणि मधला एक तुकडा थेट आपल्या दारापर्यंत येतो. स्कॉट कार्पेंटर १९६२ मध्ये पृथ्वीला प्रदक्षिणा घालून आले आणि १९६५ मध्ये कॅलिफोर्नियाजवळ समुद्राखाली सुमारे ६२ मीटरवर, अमेरिकन नौदलाच्या 'सीलॅब-२' या पोलादी घरात तीस दिवस राहिले. तिथून ते 'जेमिनी-५'मधल्या अंतराळवीरांशी बोलले, म्हणजे एक समुद्राखाली नि दोघं अवकाशात. बुडी संपल्यावर, शरीरावरचा दाब हळूहळू उतरवणाऱ्या बंद दाबकोठीत असताना राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचा फोन जोडायचा होता. हेलियम मिसळलेल्या हवेत आवाज बदकासारखा होतो. फोन जोडणाऱ्या बाईंना कार्पेंटर काय म्हणतायत तेच कळेना.

त्या घरात जे सिद्ध झालं ते असं. माणूस दाबाखाली बराच वेळ राहिला की त्याच्या रक्तात, मांसात वायू मावेल तेवढा मुरतो. एकदा मुरला की पुढे एक दिवस राहा नाहीतर महिनाभर, वर येताना दाब उतरवायला लागणारा वेळ तेवढाच. मग रोज वरखाली कशाला करायचं? पाणबुड्याला दाबकोठीतच मुक्कामाला ठेवायचं, तिथून कामावर पाठवायचं आणि पाळी संपली की एकदाच, काही दिवस घेऊन, हळूहळू दाब उतरवायचा. तेलाच्या धंद्याला ही पद्धत सोन्याची होती. १९ फेब्रुवारी १९७४ रोजी 'सागर सम्राट' या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या मंचाला बॉम्बे हायमध्ये तेल लागलं. मुंबईपासून दीडशे-एकशेसाठ किलोमीटर आत, सत्तर-ऐंशी मीटर पाणी. १९७८ मध्ये तिथून उरणपर्यंत समुद्रतळावरून नळ आले. खालची दुरुस्ती-जोडणी हाताने करायची तर पाणबुडे लागणार आणि ते त्या हेलियमच्या कोठीतच राहणार. न्हाव्याचा पुरवठा तळ, उरणचा प्रकल्प, पनवेलच्या ओएनजीसीच्या संस्था हे सगळं त्यानंतरचं. नवी मुंबईत रोजच्या गर्दीत धक्का देऊन पुढे गेलेला एखादा माणूस समुद्राखालून पगार आणणारा असू शकतो.

पनवेलमध्ये आणखी एक दार आहे, फारसं कुणी न बघितलेलं. भारतीय भूचुंबकत्व संस्था नवीन पनवेलला आहे. तिचं मूळ कुलाब्याच्या वेधशाळेत. तिथं १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेल्या प्रचंड चुंबकीय वादळाची नोंद कुलाब्याच्या वहीत आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर नोंदी बिघडतील म्हणून १९०४ मध्ये काम अलिबागला हललं. सूर्याचा झोत आणि समुद्रतळाच्या खडकातले चुंबकी पट्टे एकाच शास्त्राचे लोक वाचतात. समुद्राचा तळ दोन्ही बाजूंना सरकत रुंदावतो हे १९६३ नंतर त्या पट्ट्यांवरूनच पटलं.

परत धंदेवाल्यांकडे. १९६० नंतर मारियानाच्या तळाला पुन्हा माणूस गेला तो २६ मार्च २०१२ रोजी. मधल्या बावन्न वर्षांत बारा माणसं चंद्रावर चालून आली. माझ्या मते कारण साधं आहे: चंद्र सगळ्यांना अंगणातून दिसतो, गर्ता कुणालाच दिसत नाही. २०१२ ला गेलेले जेम्स कॅमेरॉन हे सिनेमावाले, सरकार नव्हे. अवकाशाचंही तोवर बदललं होतं. डेनिस टिटो २८ एप्रिल २००१ रोजी स्वतःचं तिकीट काढून रशियन यानातून गेले. २००४ मध्ये खासगी यानाला एक कोटी डॉलरचं बक्षीस मिळालं, त्याला अन्सारी कुटुंबाचं नाव होतं आणि दोनच वर्षांनी उद्योजक अनुशेह अन्सारी स्वतः अवकाशात गेल्या.

मग दोन्ही टोकं गाठणारी माणसं आली. कॅथी सलिव्हन १९८४ मध्ये अवकाशात चालल्या, ७ जून २०२० रोजी गर्तेच्या तळाला गेल्या आणि वर येऊन अवकाश स्थानकाला फोन लावला. त्यांना नेणारे व्हिक्टर व्हेस्कोवो गुंतवणूकदार. त्यांनी टायटॅनियमचं यान बांधून घेतलं, तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र घेतलं, २०१९ पर्यंत पाचही महासागरांचे सर्वांत खोल तळ गाठले आणि जून २०२२ मध्ये अवकाशाची छोटी फेरीही केली. व्हिडिओ गेमचा धंदा करणारे रिचर्ड गॅरियट २००८ मध्ये अवकाशात आणि २०२१ मध्ये गर्तेत.

१८ जून २०२३ रोजी 'टायटन' हे एका खासगी कंपनीचं पाणबुडं यान फुटलं. टायटॅनिकच्या सांगाड्याकडे, ३,८०० मीटरवर निघालेले पाच जण गेले. त्यांत कंपनीचे प्रमुख स्टॉकटन रश आणि हॅमिश हार्डिंग होते. हार्डिंग वर्षभरापूर्वी व्हेस्कोवोंच्याच फेरीत अवकाशात जाऊन आले होते. इथं मला काकांना पुन्हा विचारावंसं वाटलं. रश यांचं शिक्षण विमान-अवकाश अभियांत्रिकीचं. त्यांनी गोळा सोडून कार्बन फायबरचं नळकांडं घेतलं, कारण पाच माणसं बसवायची तर गोळा परवडत नाही. रॉकेट-विमानात कार्बन फायबर उत्तम चालतं, तिथं आतला दाब बाहेर ढकलतो आणि धागे ताणले जातात. समुद्रात दाब बाहेरून. काका म्हणाले, "दोरी ओढायला असते, ढकलायला नाही." या क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी २०१८ मध्येच पत्र लिहून सावध केलं होतं. यानाला कुठल्याही तपासणी संस्थेचा शिक्का नव्हता. जाहिरात मात्र जोरात होती, माणशी अडीच लाख डॉलर. वक्त्याचं बोलणं वेल्डरच्या पुढं गेलं की असं होतं, असं मला तरी वाटतं.

आपल्याकडचा क्रम वेगळा. 'गवेषणी' जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी अरबी समुद्राच्या तळावरून मँगनीजचे बटाट्यासारखे गोटे वर आणले. त्यानंतर मध्य हिंदी महासागरात आपल्याला ७५,००० चौरस किलोमीटरचा शोधपट्टा मिळाला. २०२१ मध्ये ४,०७७ कोटींची खोल समुद्र मोहीम मंजूर झाली. यान चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचं, टायटॅनियमच्या गोळ्याचं काम इस्रोकडे. पिकारांनी जुळवलेली समुद्र-आकाशाची जुनी जोडी इथं सरकारी दोन खात्यांत आहे. २०२५ च्या सुरुवातीला मत्स्यच्या कट्टुपल्ली बंदरात पाण्यातल्या चाचण्या झाल्या. ऑगस्टमध्ये दोन भारतीय फ्रेंच यानातून अटलांटिकमध्ये वेगवेगळ्या बुड्यांत जाऊन आले, एक ४,०२५ आणि दुसरा ५,००२ मीटरपर्यंत. त्याच वर्षी जून-जुलैत शुभांशु शुक्ला अवकाश स्थानकात होते. खासगी कंपन्यांना अवकाशाचं दार २०२० मध्ये उघडलं. खोल समुद्रातल्या मोहिमा मात्र मुख्यतः सरकारीच आहेत, त्यामुळे पत्रिकेवर 'समुद्र व अवकाश' असं लिहिणारा आपला उद्योजक बहुधा अवकाशाच्या बाजूने आलेला असतो.

बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यातले ओळखीचे एक तांडेल करंज्याच्या बोटीवर जातात. हैदराबादच्या महासागर माहिती केंद्राकडून मिळणारा मासळीचा संदेश त्यांनी मला मोबाइलवर दाखवला: दिशा, किनाऱ्यापासून अंतर, अक्षांश-रेखांश, खोली. उपग्रह पाण्याचं तापमान आणि हिरवा रंग बघतो. गार आणि गरम पाणी जिथं भिडतं तिथं मासळी असण्याचा संभव, असं ते गणित. खोली लिहिली होती ३५ मीटर. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. "एकोणीस वाव." मग मोबाइल खिशात टाकला आणि जाळ्याच्या फाटक्या भागाकडे वळले.

"वरून सगला दिसतो त्यांना. खालती चिखल हाय का खडप, ते नाय सांगत."