संत्र्याच्या सालीतले पेक्टिन आणि अवरक्त किरण

नागपुरात आंबिया बहार उतरला की रसवाल्यांकडे संत्र्याच्या सालींचे ढीग लागतात. सालीच्या आतल्या पांढऱ्या थरात पेक्टिन असते. मार्मलेड घट्ट होते ते त्याच्याच जोरावर. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी बरीचशी साल उकिरड्यावरच जाते, ही खंत आहे. तिचे मोल ठरवायचे तर आतले पेक्टिन कोणत्या प्रतीचे, हे आधी कळायला हवे.

पेक्टिनची पहिली चाहूल लागली ती चिंचेत. १७९० मध्ये फ्रान्सच्या लुई निकोला व्होकलँ यांनी चिंचेचे पृथक्करण करताना हा पदार्थ पाहिला. १८२५ मध्ये आंरी ब्राकोनो यांनी पेक्टिक आम्लाचे वर्णन केले. पेक्टिन ही मुख्यतः गॅलॅक्टुरॉनिक आम्लाची साखळी आहे आणि तिच्यातले काही आम्लगट मिथाइल एस्टरच्या रूपात (मिथाइल गट जोडलेले, म्हणून मोकळे नसलेले) असतात, हे पुढे उलगडले. निम्म्याहून अधिक गट एस्टर असतील तर जेली धरायला भरपूर साखर आणि आंबटपणा लागतो. कमी असतील तर कॅल्शियमवर भागते. प्रत ठरते ती मुख्यतः या प्रमाणावरून.

ते काढायची जुनी रीत टायट्रेशनची. द्रावणात थेंबथेंब अल्कली सोडायची, गुलाबी रंग आला की थांबायचे. मग जादा अल्कली घालून एस्टर तोडायचे आणि पुन्हा मोजायचे. रीत भरवशाची, पण वेळखाऊ.

याहून झटपट रीत अवरक्त किरणांची. लाल रंगापलीकडचे हे किरण विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये तापमापीने ओळखले. १९०५ मध्ये विल्यम कोब्लेंट्झ यांनी शंभराहून अधिक पदार्थांचे अवरक्त वर्णपट, म्हणजे कोणते किरण किती शोषले जातात याचे आलेख, प्रसिद्ध केले आणि ठरावीक रासायनिक गट ठरावीक जागी किरण शोषतात, हे ठसले. १९६५ मध्ये कूली आणि टुकी यांची जलद फूरिए गणनपद्धत (मिश्र संकेतातल्या लहरी झटपट वेगळ्या करणारी) आली आणि मिनिटांत पट देणाऱ्या यंत्रांचा मार्ग मोकळा झाला.

पेक्टिनच्या पटात दोन शिखरे महत्त्वाची: १७४० प्रति सेंटिमीटरजवळ (एका सेंटिमीटरात मावणाऱ्या लहरींची संख्या) एस्टरचे, १६१० जवळ कार्बोक्सिलेटचे, म्हणजे उदासीन केलेल्या मोकळ्या आम्लगटांचे. दोघांच्या क्षेत्रफळांच्या बेरजेत एस्टरचा वाटा किती, यावरून प्रमाणाचा अंदाज येतो. मात्र नमुना आम्लधर्मी राहिला तर मोकळे आम्लगटही १७४० च्या आसपासच शोषतात आणि एस्टर फुगवून दिसतो. म्हणून तो आधी उदासीन करतात. उलट, ओलसर सालीचा पट थेट घेतला तर पाणी १६४० जवळ, प्रथिने १६५० जवळ शिरकाव करतात आणि एस्टरचे प्रमाण आहे त्याहून कमी भरते.